नानांची पट्टी

नाना कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर तळहात टेकवायचे, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावा तसा. घरातले हसत. नाना हसत नसत. ‘ठीक आहे आज,’ असं पुटपुटून मग खुर्ची ओढून घेत.

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, ते आमचे शेजारी. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, एकटे. वडील गेल्यावर आई आणि मी दोघीच उरलो, तेव्हापासून संध्याकाळचा चहा ते आमच्याकडे घेत. चाळीच्या गॅलऱ्यांना खालून लाकडी टेकू लावलेले होते. रस्त्यावरून बस गेली की फळीवरच्या कपबशा किणकिणत आणि आम्ही तिघंही बोलता बोलता थांबत असू. त्या गप्प झाल्या की पुन्हा बोलायला लागत असू. थांबलो होतो हे कोणी कबूल करत नसे.

निवृत्तीनंतर नानांनी एकच शब्द अभ्यासाला घेतला होता: ‘सेट’. ‘एवढासा शब्द, पण पोटात अख्खा बाजार घेऊन बसलाय,’ ते म्हणत. ‘आणि मुळं दोन. एक जर्मन कुळातलं, त्याचा अर्थ बसवणं. अंगठीत खडा बसवला, सेट. मोडलेलं हाड बसवलं, सेट. दुसरं लॅटिनमधलं, फ्रेंचांच्या घरून आलेलं. कोणाच्या तरी मागून चालणाऱ्यांचा पंथ. तुमचा हा कपबशांचा सेट त्या पंथातला.’

‘पंथातली एक बशी तुम्हीच फोडलीत, नाना,’ आई म्हणे.

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्थ खरा मानायचा नाही, ही त्यांची पद्धत. खड्यासाठी ते सोनाराच्या दुकानात जाऊन बसले, हाडासाठी परळच्या एका हाडवैद्याकडे. तिथे एका माणसाची किंकाळी ऐकून ते स्वतःच भोवळ येऊन पडले. प्लास्टर ‘सेट होतं’ म्हणजे काय होतं ते पाहायला लालबागच्या मूर्तींच्या कारखान्यात गेले, आणि परतले ते पिशवीभर पांढरी पूड घेऊन, उतरलेल्या चेहऱ्याने.

‘मीनल, ओलं असतं तोवर ते म्हणाल तसं वळतं. एकदा सेट झालं की मात्र ताणलं जात नाही. भिंत केसभर हलली तरी तुटणार.’

आमच्या दोन दारांच्या मधे, गॅलरीतल्या भिंतीत, वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. नानांनी स्टुलावर चढून तिच्यावर प्लास्टरची आडवी पट्टी लावली. तेव्हापासून सकाळी उठल्यावर मी देवाआधी त्या पट्टीकडे बघत असे. ती अखंड दिसली की मगच चूळ भरायची. भीती आधीही होतीच. आता तिला जागा मिळाली होती.

गणपतीआधी चाळीला रंग काढायची आमच्याकडे रीत. त्या वर्षी मंडळाने जरा जास्तच हौस केली. मी कॉलेजातून शिकवून परतले तर भिंत पिस्ता रंगाची, गुळगुळीत. भेग नाही, पट्टी नाही. पुट्टीखाली सगळं बुजलेलं. मंडळाचा सेक्रेटरी राजा, नानांचाच जुना विद्यार्थी, कौतुकाने बघत उभा होता.

‘काय नाना, चाळ कशी चिकणी दिसतेय?’

‘राजा, इथे पट्टी होती ना रे...’

‘ते थिगळ? पाहुण्यांसमोर लाज काढत होतं. टाकलं खरवडून.’

‘अरे, ते आपलं थर्मामीटर होतं. आता ताप चढला तरी कळायचं कसं?’

‘बाप्पा आहे ना, नाना! टेन्शन कशाला घेता?’

बाप्पा आले त्याच दिवशी नानांनी आमच्या स्वयंपाकघरातलं उलथणं नेलं आणि नवा रंग भेगेपर्यंत खरवडला. खालून ढोलताशे, वर हे. ‘म्हातारा कामातून गेला,’ जिन्यातून कोणीतरी म्हणालं. नानांनी ऐकलं, आणि नवी पट्टी बसवली.

गौरीजेवणाच्या सकाळी पट्टीच्या मधोमध काळी रेघ होती. कपबशा तर वाजल्याही नव्हत्या.

‘आईला म्हणावं गॅस बंद कर आणि खाली चल,’ नाना म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. मग ते दारोदार गेले. घरोघरी पुरण शिजत होतं.

‘नैवेद्य व्हायचाय, नाना. मधेच कसं उठायचं?’

‘खाली दाखवा नैवेद्य. रस्त्यावर दाखवा.’

राजा तर हसलाच. तेव्हा नाना वाकले आणि त्यांनी राजाच्या पायांना हात लावला. राजा चटका बसल्यासारखा मागे सरला. ‘सर! काय करताय हे!’ त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्याच क्षणी तो गॅलरीतून धावत ओरडत सुटला, ‘उतरा रे सगळे! उतरा!’

आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. बायकांच्या हातांत गौरींचे मुखवटे. दुपार कलली तरी काही होईना, तेव्हा लोक कुरकुरू लागले. काहीजण परत निघाले. राजा जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला. मग मागच्या बाजूने पिठाची गोणी टाकल्यासारखा आवाज आला, आणि धूळ. तिसरा मजला मागून दुसऱ्यावर बसला होता.

कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. नानांना माणसं मिठ्या मारत होती आणि ते लहान मुलासारखे कापत होते. त्यानंतर ‘सेट’चं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

आम्हाला शीव कोळीवाड्याजवळ तात्पुरत्या खोल्या मिळाल्या, शेजारी शेजारी. पहिल्याच आठवड्यात नाना स्टूल मागायला आले.

‘इथे भेगच नाही, नाना.’

‘म्हणूनच,’ ते म्हणाले. ‘आधीपासून लक्ष ठेवलेलं बरं.’

गेल्या महिन्यात नाना गेले. त्यांच्या खोलीत आता दुसरं कुटुंब येणार आहे. काल रंगारी आला होता. ‘ताई, ये क्या चिपकाया है? निकालूँ?’

मी नको म्हणाले. पट्टी अखंड होती. तरी तिच्या शेजारी भिंतीवर तळहात टेकवला, आणि तो काढायचा मला धीर होईना.