बाटलीत शिरलेलं पाणी

सत्तरच्या दशकात नंदनवन वसाहतीत माझ्या शेजारी रसायनशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक राहत. ‘बरं का’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. ऋण आयनातला जास्तीचा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकून बाहेर काढायचा, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. “बरं का, भोवती पाण्याचे रेणू असले की ते त्याले घट्ट धरून ठेवतात. माझ्या दुसऱ्या द्रवात तो लवकर सुटते,” हे ते दूधवाल्यालाही सांगत. पाण्याचा विषय निघाला की दूधवाल्याला घाई होई.

प्रबंध टाईप झाला, पदवी मिळाली की लग्न, हेही ठरलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की पावसाळ्यात त्या दुसऱ्या द्रवाच्या बाटलीत दमट हवेतलं पाणी शिरलं होतं. त्यांनी प्रबंध थांबवला आणि मोजमापं पुन्हा सुरू केली.

होणारे सासरे गांधीबागेतलं कापडाचं दुकान सोडून आले. “काहून थांबवून राहिले तुम्ही? थेंबभर पाणी कोणाले दिसते?”

“बरं का, मले दिसलं ना,” असं म्हणून त्यांनी सासऱ्यांना तासभर रेणू समजावले. मी शेजारून दोनदा चहा करून आणला.

जिना उतरताना सासरे मला हळूच म्हणाले, “मले तर एक अक्षर समजलं नाही. पण थांबू आम्ही. पोरगी इथंच देतो.”