दामिनीच्या डब्यातले पिझ्झे

नव्या शाळेत जायला लागल्यापासून दामिनीचा डबा रोज भरलेलाच परत येत होता. तिची आई धंतोलीच्या दवाखान्यात सकाळच्या पाळीला जायची, म्हणून डब्याचे काम आजोबांकडे. बाबनरावांचे सारे आयुष्य हातमागावर गेले. आता नातीच्या हट्टापायी ते पिझ्झा शिकले. कणकेची पोळी लाटून वाटीने लहान चकत्या कापल्या, तव्यावर भाजल्या, टोमॅटोची चटणी लावली आणि वर चीज किसून झाकण ठेवले. सहा पिझ्झे डब्यात नीट बसले.

दामिनीला घेऊन शाळेचा ऑटो गेला आणि त्यांनी बोटाला लागलेली चटणी चाटली. कोष्ट्याच्या घरचा, सावजी तिखटाचा हात. मटणाच्या रश्शाला घालावी तेवढी भिवापुरी मिरची त्यात पडली होती. त्यांच्या कानशिलांवर घाम फुटला. पोरगी अवघी नऊ वर्षांची. शाळेत जावे म्हणून ते चारदा फाटकापर्यंत जाऊन आले, पण पायातली चप्पल काही काढली नाही.

एक वाजता ऑटो आला. डबा रिकामा होता.

"तोंड भाजलं काय वं?"

"मी एकच खाल्ला, आबा. बाकीचे पोरींनी खाल्ले. डोळे पुसून राहिल्या होत्या अन् अजून मागून राहिल्या होत्या."

"मंग तू उपाशी?"

"त्यांचे डबे खाल्ले ना. रोज मी एकटीच बसते, मले जेवण जात नाही. आज सगळ्या माझ्यापाशी बसल्या. उद्या पण एवढंच तिखट कर."

बाबनरावांनी आजच्याइतक्याच चार मिरच्या भिजत घातल्या. कुणाची आई भांडायला आली तर, म्हणून दोन काढल्या. मग दामिनीकडे पाहिले आणि एक परत टाकली.