कांद्याच्या मुळ्यांचे मास्तर

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका समजावून सांगणारा माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा झाला नसेल. हायस्कूलात ते शास्त्र शिकवत. शाळा सुटली तरी शिकवणं सुटत नसे. खिडकीत पाण्याच्या पेल्यांवर कांदे बसवलेले. मुळ्या फुटल्या की टोकं कापून, लाल रंगात बुडवून, काचेवर चिरडून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारत. मीही एकदा सापडले. "बघा वहिनी, पेशीची वाटणी! गुणसूत्रं कशी निम्मी-निम्मी! भावाभावांत होते का अशी?" "मास्तर, तव्यावर भाकरी आहे." "करपू द्या. हे आत्ताच दिसतंय." भाकरी करपली. कोळीणही सुटली नाही. "मला काय कलत नाय मास्तर, पण रंग चांगला हाय," म्हणाली, तर स्वारी आठवडाभर खूश.

घर बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. मास्तरीणबाईंची बहीण इस्रायलला गेलेली, यांचीही तयारी चाललेली. तेवढ्यात बाईंच्या छातीत गाठ निघाली. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांत काखेत दुसरी आली. डॉक्टरांनी काय ते मास्तरांनाच सांगितलं. तेव्हा रोग्याजवळ कॅन्सरचं नाव काढत नसत. मीही बजावलं, "अशक्तपणा म्हणा आणि गप्प बसा."

बाईंनी माझ्यासमोरच विचारलं, "अहो, मी बरी होणार ना? बहिणीला कळवायचंय." नुसतं 'हो' म्हणायचं. मास्तरांनी खुर्ची ओढली. "हे बघ, गुणसूत्र तुटलं की तुटकी टोकं भलत्यालाच चिकटतात. पुढच्या वाटणीत ओढाताण होऊन पुन्हा तुटतात. एका पेशीला जास्त, दुसरीला कमी. बऱ्याच पेशी मरतात. एखादी मात्र अशी निघते, की ती वाढतच सुटते. तिच्या पोटची आणखी बिघडलेली. आज एक औषध लागू पडलं, तरी उद्या वेगळीच..." मी डोळे वटारले. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"म्हणजे हे थांबायचं नाही. एवढंच ना?" बाई म्हणाल्या.

मास्तर खिडकीतल्या कांद्यांकडे बघू लागले.

"अहो, विचारतेय मी."

"नाही थांबायचं."

मला मास्तरांना बडवावंसं वाटलं. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग उद्यापासून स्वयंपाकघरात उभे राहा. चहासुद्धा येत नाही तुम्हाला."

नंतरचे दिवस वाईट होते. दुखणं वाढलं, हात सुजला. तरी भिंतीपलीकडून ऐकू येई, "अहो, हळद आधी. किती वेळा सांगू?"

बाई गेल्या. मास्तर इस्रायलला गेलेच नाहीत. एके दुपारी वरणाची वाटी घेऊन दारात आले. मी तिथेच चाखलं.

"ती काय म्हणाली असती?"

"मीठ जास्त."

"हो ना," म्हणाले, आणि वाटी घेऊन घरी वळले.