बसलेली बाई

माझ्या धाकट्या भावाचं लग्न एका बाईपायी अडलं होतं. ती बाई आमच्या टीव्हीत राहायची, उंचीनं माझ्या अंगठ्याएवढी होती आणि दिवसभर पाणी भरायची. हे असं सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. बघू देत. मीही तेव्हा वर्षभर अशीच सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

भावाचं जव्हारला एसटी स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेज अर्धं सोडून आलेला, डोकं तल्लख, तोंड बंद. एकदा दुकानाचे सुटे भाग आणायला मुंबईला गेला आणि जुन्या बाजारातून एक काळी चपटी वस्तू घेऊन आला. शाळेच्या वहीएवढी, वर रबराची बटणं. म्हणाला, हा कॉम्प्युटर आहे. मी म्हटलं, मग मी कलेक्टर आहे. तोवर मी तालुक्याच्या कचेरीत कॉम्प्युटर पाहिला होता. त्याला स्वतःचा पडदा होता, आणि त्याच्यावर फुलाफुलांचं आच्छादन घातलेलं असायचं. हा बिचारा उघडा. त्याला पडदा म्हणून आमचा टीव्ही लागायचा आणि आतलं काही जपून ठेवायचं तर आईचा भजनाचा टेपरेकॉर्डर. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

वर तो कॉम्प्युटर आजारीही होता. त्याची अर्धीअधिक मेमरी जळलेली, असं भाऊ सांगायचा. उरलेल्यात मावेल तेवढंच करायचं. कॅसेट लावली की टेपमधून किर्र किर्र आवाज यायचा, भुंगा डब्यात कोंडल्यासारखा, आणि तो बराच वेळ चालायचा. मग टीव्हीवर चित्र उमटायचं. आईची उभ्याउभ्या बघायची मालिका बुडायची ती वेगळीच.

ही वस्तू बनवणं कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. म्हणजे गाडी मोडीत गेलेली, आणि हा तिच्यासाठी नवीन सीटकव्हर शिवत बसलेला. मला वाटायचं जगात एवढा खुळा हा एकटाच. पुढे जव्हारात सायबर कॅफे आला, आणि तिथून तो छापलेले कागद आणायला लागला. त्याचं इंग्रजी कच्चं, म्हणून शब्दकोश घेऊन मी वाचून द्यायची. त्यातून कळलं की पोलंड, स्पेन, कुठले कुठले लोक ह्याच मेलेल्या मशीनसाठी नवे खेळ लिहितात, नवे सुटे भाग घरी बनवतात आणि एकमेकांना पाठवतात. कशासाठी? पगार नाही, बढती नाही. मी वाचायची आणि कपाळाला हात लावायची. एक खुळा समजू शकतो, पण इतके, आणि तेही बायकापोरं असलेले?

भावानंही एक खेळ केला. त्यातली ती बाई. डोंगरावर घर, खाली विहीर. तिनं हंडा घेऊन उतरायचं, पाणी भरायचं, चढायचं, दारातल्या पिंपात ओतायचं. वाटेत दगड, काटे, मध्येच आडवी येणारी शेळी. ठेच लागली की पाणी सांडतं. आणि पिंप कधीच भरत नाही, कारण घरातले लोक ते वापरतच असतात. कॅफेतून त्यानं तो पाठवून दिला. परदेशातून कागद आले, की खेळ फार सुंदर आहे, पण ह्यात जिंकायचं कसं? भाऊ म्हणाला, "ताई, त्यांना लिही, जिंकायचं नाही. पाणी आणायचं." मी लिहिलं. त्यांना ते फारच आवडलं. आता ह्यात आवडण्यासारखं काय, ते मला आजही कुणी सांगावं.

अशात मामानं स्थळ आणलं. मुलगी पोशेऱ्याची, डी. एड. झालेली, नुकतीच मोखाड्याकडे शाळेवर लागलेली. मामानं तिकडे सांगून ठेवलं की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. खोटं म्हणावं तर खोटं नाही, खरं म्हणावं तर तोंड लपवावं लागेल. आम्ही मुलगी बघून आलो. भावाला ती आवडली. हे त्यानं सांगितलं नाही, पण परतताना जीपमध्ये तो चक्क बोलत होता. माझ्या भावाला ओळखणाऱ्याला एवढं पुरे. त्याआधीची दोन स्थळं त्याच्या गप्प राहण्यानं हुकली होती, आणि आईनं धसकाच घेतला होता.

मग तिच्याकडचे आमचं घर बघायला आले. आमच्याकडे घर बघायला मुलीचा बाप येतो, काका येतो, मुलगी येत नाही. ही आली. जव्हारला शाळेचं काही काम होतं म्हणे. आता उंबऱ्यात उभ्या मुलीला कोण परत धाडणार? आई गडबडली, मामा घामेजला, आणि मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवून म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर दाखवा जरा."

भावानं दाखवला. टेप किरकिरायला लागला. वडिलांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग मामाकडे. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा कुठे डोंगर उमटला आणि बाई चालायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण मुलगी उठली, सतरंजीवर टीव्हीसमोर बसली आणि तिनं बटणं स्वतःकडे ओढून घेतली. दोन खेपा केल्या. तिसरीला शेळीनं पाणी सांडलं तेव्हा हसली. मग खेळता खेळता तिनं विचारलं, "ही बसते कधी?"

भाऊ म्हणाला, "बसत नाही."

"का?"

"तेवढी मेमरी नाही ह्यात. चालायची, चढायची, वाकायची चित्रं आहेत. सगळं भरलंय."

तिनं बटणांवरचा हात काढला. उठली, आईला नमस्कार केला, आणि ते लोक दुपारच्या एसटीनं गेले.

नंतर निरोपच नाही. होकार नाही, नकार नाही. घरात प्रत्येकाचं वेगळं. बाबा म्हणाले, कॉम्प्युटर बघूनच त्यांचं मन उडालं. मामा म्हणाला, आगाऊ मुलगी आहे, सुटलो. आई म्हणाली, पोह्यात मीठ जास्त झालं होतं. भाऊ मात्र दुकानावर जाईना, जेवेना, नुसता त्या डबड्यासमोर. मला त्याचा रागही यायचा आणि दयाही. मी वांगणीला शाळेवर होते. शनिवारी घरी यायची ती हे सुतक बघायला.

शेवटी मोखाड्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथे ती मला दिसली. जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं आणि सरळ विचारलं, "बाई गं, हो का नाही ते सांगून टाक. आमचं घर लटकलंय."

ती गोंधळली. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"वडील म्हणाले, विचार करू. तुमचे मामा म्हणाले, कळवतो. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही." डब्याचं झाकण लावत ती पुढे म्हणाली, "ती बाई बसली का हो, ताई?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अगं, चित्रातली बाई ती."

"चित्रातली तरी बसू दे. लहानपणी मीच आणत होते की पाणी. तो दगडसुद्धा तसाच आहे, विहिरीच्या वरचा. एवढं सगळं ज्यानं नीट बघून काढलं, त्याला एवढंच कसं दिसलं नाही, ते कळत नाही मला. ती बसली की सांगा. मी येते बघायला. मग मला विचारा."

घरी येऊन मी शब्द न् शब्द सांगितला. मामा म्हणाला, ही कसली अट. बाबा भावाला म्हणाले, मेमरी नाही म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. दोघांचंही मला पटलं आणि दोघांवरही राग आला. भाऊ भिंतीकडे बघत बसला होता. तसाच म्हणाला, "मी आईला बसलेलं बघितलंच नाही कधी. काढू कशी?"

मी काहीतरी टोमणा मारणार होते. पण मलाही आठवेना. आई जेवते कधी, ते आम्हाला माहीत होतं, चुलीजवळ, एक गुडघा वर करून, उठायच्या तयारीत. त्याला बसणं म्हणायचं का?

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकटीचा कागद घेतला आणि आईला म्हणाला, "इथं बस. चित्र काढायचंय." आई बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यानं सूप काढून घेतलं. तिनं लसूण घेतला. तोही काढून घेतला. मग तिला हातांचं काय करावं कळेना. पदर सारखा केला, जमिनीवरचा केर बोटानं गोळा केला. "रिकामी बस ना गं," तो म्हणाला. आई वैतागून म्हणाली, "रिकामं कसं बसायचं ते मला नाय येत. तुझ्या बापाचं काढ." आम्ही दोघं हसलो, आणि मग माझं हसू मध्येच कुठेतरी गेलं. चित्र त्या दिवशी झालं नाही.

शिवाय मेमरी होतीच आडवी. भावानं माझ्याकडून पोलंडला पत्र लिहून घेतलं. तिथे एक निवृत्त गृहस्थ ह्या मशीनच्या मागच्या खाचेत खोचायची छोटी पट्टी घरी बनवायचे. ती लावली की जळलेली मेमरी भरून निघते. मी लिहिलं की माझ्या भावाला एक बाई बसवायची आहे, तिला जागा नाही. हे वाचून तो माणूस काय समजला असेल देव जाणे. पण होळीच्या सुमाराला पाकीट आलं. त्यात कापसात गुंडाळलेली हिरवी पट्टी आणि एक ओळ: बाई बसली की मलाही पाठवा. अरे, तुला काय तिचं? तू कुठला, ती कुठली? मी ती ओळ दोनतीनदा वाचली आणि पाकीट फेकून न देता ट्रंकेत ठेवलं. का ठेवलं, विचारू नका.

पट्टी लावली तर जरा धक्का लागला की सगळं पुसलं जायचं. भावानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून ती हिरवी पट्टी मशीनला आवळून बांधली. मग टिकली.

आणि चित्र? एका दुपारी आई ओढ्यावरून धुणं घेऊन आली. पाण्याचे हाल सुरू झाले होते. पिळे तसेच ठेवून ती पडवीच्या खांबाला टेकली, पाय लांब केले, हात उताणे मांडीवर. डोळे उघडे, पण कशाकडेच बघत नव्हती. भाऊ दारात होता. त्यानं मला खूण केली, बोलू नको. पटकन काढून घेतलं त्यानं. आईला कळलंच नाही.

परदेशी मंडळींना त्यानं नवीन खेळ पाठवला. उत्तरं आली: बाई बसली की खेळ बंद पडतो, काहीच होत नाही, चूक दुरुस्त करा. मी काळजीनं भावाला विचारलं, बिघडलाय का? तो म्हणाला, नाही. मला ते उत्तर काही झेपलं नाही.

मी मुलीला निरोप धाडला. ती आली, वडिलांबरोबर. पोहे, चहा, सगळं तसंच, मामा तसाच घामेजलेला. टेप किरकिरला. ह्या वेळी वडिलांनी मामाकडे पाहिलं नाही, टीव्हीकडेच पाहत राहिले. मुलगी सतरंजीवर बसली, बाईला विहिरीवर नेलं, भरलेला हंडा घेऊन वर आली, पिंपात ओतला. मग भावानं दाखवलेलं बटण दाबलं. बाई दारातल्या खांबाला टेकून बसली. पाय लांब, हात मांडीवर, हंडा बाजूला.

आणि काहीच होईना. शेळी नाही, काटे नाहीत. टीव्ही नुसता बारीक गुणगुणत होता. आम्ही सगळे वाट बघत होतो.

वडील म्हणाले, "बंद पडला काय?"

"नाही," मुलगी म्हणाली. "बसली ती."

आई चहाचा ट्रे घेऊन माजघराच्या दारात उभी होती, नेहमीसारखी, पुरुषमाणसं बसलेली म्हणून बाहेर न येता. तिनं पडद्याकडे निरखून पाहिलं. ती पोझ तिला ओळखू आली का, मला सांगता येणार नाही. तिनं भावाला विचारलं, "किती वेळ बसते ती?"

भाऊ म्हणाला, "कुणी बटण दाबेपर्यंत."

आई मुलीला म्हणाली, "मग नको दाबू गं."

मुलीनं दोन्ही हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवले आणि सरकून सतरंजीवर जागा केली. आईनं ट्रे माझ्या हातात दिला, सगळ्यांच्या देखत पुढे आली आणि तिच्या शेजारी बसली. मामा उठून माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "मुलीला विचारायचं राहिलंय, विचारू का आता?" मी म्हटलं, थांब जरा.