मागच्या रांगेतले ब्लेझर

माझ्या आईच्या अंगावर माझ्याच लॉ कॉलेजचा काळा ब्लेझर चढवत होते. हाउसकीपिंगच्या निळ्या साडीवर. बाह्या लांब, खांदे ओघळलेले. आणि कार्यक्रम सांभाळणाऱ्या आमच्या मॅडम मला म्हणाल्या, "फोटो मागून घे. चेहरे नकोत."

आमचं कॉलेज चिंचवडच्या पुढं आहे. त्या शनिवारी एक निवृत्त न्यायमूर्ती कायद्यावर बोलायला आले होते. सुट्टीचा दिवस, पोरं फिरकलीच नाहीत. सभागृह निम्मं रिकामं. मॅडमनी सफाईच्या ठेकेदाराच्या माणसाला बोलावलं, त्यानं कामावरच्या सगळ्या बायका आत आणल्या. अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे मूट कोर्टाच्या स्पर्धेसाठी कपाटात ठेवलेले ब्लेझर त्यांना घातले आणि मागच्या रांगांत बसवलं. वर हुकूम, "पुढचे टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवायच्या. तोंड उघडायचं नाही."

कॅम्पसच्या बातमीपत्राचं काम मी करते. ते मला का दिलं याबद्दल पहिल्यापासून संशय आहे. सफाईवालीची मुलगी वकील होतेय, शिवाय बातम्या लिहितेय, हे माहितीपत्रकात बरं दिसतं. मी दापोडीत रेल्वेच्या कडेला वाढले. कुणी गोड बोललं की मी आधी त्याला काय हवंय ते बघते.

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. लेकीच्या कॉलेजात आपण ओळख दाखवू नये, असं तिनंच ठरवलेलं. जालन्याहून इथं आल्यापासून ती असंच काहीबाही ठरवत आली आहे. मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला. कॅमेरा मी खाली केला तो केलाच.

न्यायमूर्ती चांगलं बोलले, ते नाकारत नाही. म्हणाले, "समोरच्याची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. कायद्याचा सगळा मोठेपणा एवढ्यातच आहे." पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून ब्लेझरांनीही वाजवल्या.

मग न्यायमूर्तींनी बोट केलं, थेट आईकडं. "त्या मागच्या विद्यार्थिनी. हो, तुम्हीच. एवढ्या वयात शिकताय, कौतुक वाटतं. कुठल्या वर्षाला आहात?"

आई उभी राहिली. तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलेलं, ती गप्प. सभागृहात हसू फुटलं. पुढच्या रांगेतली, माझ्या वर्गातली पोरं हसत होती.

प्राचार्य झटकन माइकपाशी गेले. "सर, ह्या आमच्या सफाई कर्मचारी. कायद्याचं ज्ञान शेवटच्या माणसापर्यंत पोचावं म्हणून आम्ही त्यांनाही सामावून घेतो."

न्यायमूर्ती म्हणाले, "स्तुत्य उपक्रम!"

पुन्हा टाळ्या.

ज्यांनी बसवलं त्यांचंच कौतुक. आणि आत्ताच बाजू ऐकण्यावर बोललेल्या माणसानं आईला पुढं एक अक्षर विचारलं नाही! मी कडेला उभी होते, तिथूनच ओरडले.

"सर, मग ब्लेझर कशाला घातले? ती माझी आई आहे. तिची बाजू ऐका ना."

न्यायमूर्तींनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं, मग प्राचार्यांकडं. त्यांना कळलं होतं. मला आजही वाटतं की त्यांना सगळं कळलं होतं. एवढ्यात प्राचार्य मॅडमना म्हणाले, "राष्ट्रगीत लावा."

आभार बाकी होते, प्रश्नोत्तरं बाकी होती. तरी राष्ट्रगीत लागलं. आता कोण बोलणार? सगळे ताठ उभे. आईसुद्धा ताठ उभी, बोटं बाह्यांच्या आत हरवलेली. संपल्या संपल्या पाहुण्यांना चहाला नेलं, आणि बायकांकडून ब्लेझर काढून घेतले. चहाचे कप त्यांनीच उचलायचे होते.

सोमवारी मला प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली, तेव्हाच मी सावध झाले. म्हणाले, "बातमी तूच लिही. कामगारांनी घेतला व्याख्यानाचा लाभ. तुझ्या नावानं आली की शोभून दिसेल." मग थांबून म्हणाले, "आई इथंच कामाला आहे ना तुझी?"

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"मला कुणी इचारलं का? घाल म्हणले, घातलं. बस म्हणले, बसले. हे लिही."

"काम जाईल, आई."

"जाऊ दे. झाडू काय त्याच्या बापाचा हाय? दुसरीकडं मारीन." मग हसली. "काय गं, वकील व्हायच्या आधीच आईला साक्षीला उभी केलीस. आता बसवू नको."

मी बातमी लिहिली. सुरुवात आईच्या वाक्यानं केली, 'मला कुणी विचारलं का?' वाक्यापुढं तिचं पूर्ण नाव, बातमीखाली माझं. ब्लेझर, हुकूम, हसणारी रांग, मधेच लावलेलं राष्ट्रगीत, काही सोडलं नाही. एक प्रत न्यायमूर्तींना टपालानं पाठवली. त्यांच्या उत्तरावर माझा भरवसा नाही, पण 'मला काही कळलं नव्हतं' असं त्यांना आता म्हणता येणार नाही.

बातमीपत्रात ती बहुतेक छापणार नाहीत. त्यांनी छापली नाही, तर शिफ्ट बदलायच्या वेळी, सगळ्या बायका गेटवर असताना, मी ती मोठ्यानं वाचणार आहे. आई शेजारी उभी राहील, तिच्या निळ्या साडीत. कुणाला फोटो काढायचा असेल तर त्यानं समोरून काढावा.