बसल्या जागी लॉरी ओळखणारे जवाईबापू

बत्तीस वर्षं खपून जमवलेली एका माणसाची अक्कल मी एका दुपारी उसवून गाईपुढे टाकली, आणि गाईनेही ती हुंगून सोडून दिली. अक्कल म्हणजे एक गादी, आणि माणूस म्हणजे माझ्या नणदेचा नवरा, आमचे जवाईबापू, ट्रक-ड्रायव्हर. उभ्या गोंदिया जिल्ह्यात, आणि माझ्या मते नागपूर ते रायपूर या साऱ्या पट्ट्यात, लॉरी पारखणारा त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही. लोक गाडी डोळ्यांनी पाहतात, कानांनी ऐकतात, हातांनी चाचपतात. जवाईबापू ती बुडाने पारखत. मी आता आजी आहे, माझ्या नातीला दाढीवाला नवरा शोधणं चालू आहे, तेव्हा हा शब्द लिहायला मला कोणी अडवू शकत नाही.

आमचं घर बालाघाट रस्त्यावरच्या वजनकाट्याच्या मागे. आमचे हे त्या काट्यावर बाबू होते. धानाच्या हंगामात ट्रकांची रांग थेट आमच्या फाटकापर्यंत यायची आणि नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर मंडळी आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बसायची. मी चहा करायची आणि ऐकायची. बायका जशा एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतात, तसे हे लोक गाड्यांबद्दल बोलत. नाकवाली बरी की चपटी, हा वाद तर कधी संपलाच नाही. नाकवालीचं इंजिन पुढे, म्हणून पाय गार राहतात. पण वळणावर तिचं नाक आधी पोचतं आणि ड्रायव्हर मागाहून. चपटीत रस्ता पायाखाली दिसतो. पण इंजिन शेजारी मांडीला मांडी लावून बसलेलं, त्यामुळे वैशाखात ड्रायव्हरची डावी मांडी शेकून निघते. एकीचं स्टेअरिंग हलकं, तर दुसरीचं कणीक तिंबल्यासारखं तिंबावं लागतं. एकीचा गिअर लाजतो, दुसरीचा क्लच रुसतो. आणि सगळं बोलून झालं की सगळे जवाईबापूंकडे पाहत. ते तंबाखू मळून होईपर्यंत काही बोलत नसत. मग म्हणत, "बसू द्या मले एकडाव."

त्यांचं बसणं म्हणजे एक विधीच होता. आधी आपली गादी सीटवर टाकायची. मग चप्पल काढून वर चढायचं, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं नुसतं बसायचं. मग गाडी फाटकापर्यंत नेऊन आणायची आणि उतरून सांगायचं, "मागचा उजवा पाटा तुटून राहिला," की खरोखरच कमानीचा उजवा पाटा तडकलेला सापडायचा. ही सवय त्यांना गाडीबाहेरही सोडत नसे. एकदा आमगावला माझ्या भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर जवाईबापू तिथल्या सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि भर बैठकीत म्हणाले, "याच्या कमानी बसल्या हायेत, बाकी घर चांगलं हाय." माझ्या सासूबाईंबद्दल त्यांचं मत होतं, "म्हातारी नाकवाली हाय. सुरू व्हाले वेळ लागते, पन चढावावर दम सोडत नाई." माझ्याबद्दल विचारलं तर आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वैनी म्हंजे पावर स्टेअरिंग. दोन बोटांनी एवढा मोठा ट्रक फिरवते." हे तेव्हा खूप हसले. माझ्या दोन बोटांनी खूण केल्यावर थांबले.

जवाईबापूंना एकच प्रतिस्पर्धी होता, बालाघाटचा एक लांबडा ड्रायव्हर. त्याची रीत वेगळी. तो काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास हातात धरून शेजारी बसायचा, आणि चहा किती सांडला त्यावरून गाडीला नंबर द्यायचा. "चाय झूठ नहीं बोलती, भाईजी," तो म्हणे. जवाईबापूंना याचा भारी राग. "चहाले का समजते? चहाले कंबर हाय का? चहा रात्री घरी जाऊन म्हनते का, बाई, पाठ शेकून दे?"

आता माझं सांगते. नवं शतक नुकतंच लागलं होतं, मी चाळिशी ओलांडली होती आणि मला अक्कल येईल अशी घरच्यांना आशा होती. त्याऐवजी मी शिवणक्लासला गेले. सहा महिन्यांत मला खोळींचं वेड लागलं. टीव्हीला खोळ, टेलिफोनला खोळ, मिक्सरला झालरीची खोळ, पाट्याच्या वरवंट्यालाही खोळ. हे म्हणत, "मी एका जागी उभा राहायला घाबरतो. चुकून मला माप लावशील." अशा त्या भयंकर काळात जवाईबापू आमच्याकडे मुक्कामाला आले. कारणही तसंच होतं. ते ज्या राईस मिलवर होते, तिथले शेठजी एक जुनी लॉरी विकत घेणार होते. दोन गाड्या पुढे आल्या होत्या, एक चपटी आणि एक नाकवाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या काट्यावरून दोन्ही चालवून पाहायच्या, आणि जवाईबापू म्हणतील ती घ्यायची, असं शेठजींनी चारचौघांत सांगितलं होतं. घेतील ती जवाईबापूंच्याच हाती राहणार होती. पन्नाशी जवळ आली होती, कंबर बोलायला लागली होती. "आता ही शेवटची, वैनी," ते जेवताना म्हणाले. "हिच्यावर माही नौकरी संपन. चांगली भेटली पाह्यजे."

जेवून ते शेठजींकडे गेले आणि गादी ओसरीवर राहिली. मी ती उचलून पाहिली. बत्तीस वर्षं दाबून दाबून भाकरीएवढी पातळ झालेली, फळीसारखी टणक, कळकट, आत धानाचं तणीस आणि कुठल्यातरी धोतराच्या चिंध्या. मला वाटलं, अरेरे, बिचारा हाडांवर बसतोय! उद्या एवढा मान मिळणार आणि याच्या खाली हे! मी कात्री घेतली. तणीस गाईपुढे टाकलं, तिचं मत वर सांगितलंच आहे. मग वीतभर उंच होईपर्यंत सावरीचा कापूस भरला आणि वर माझ्या शिवणक्लासची सारी विद्या ओतली: दोन हिरवे पोपट, चोचीला चोच, आणि खाली लाल धाग्यानं 'सुस्वागतम्'. ड्रायव्हरच्या सीटवर सुस्वागतम् कोणाचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

सकाळी अंगण भरलेलं. शेठजी आले, बालाघाटवाला ग्लास घेऊन तयार. मी पदर सावरून गादी पुढे केली. "घ्या जवाईबापू, आता आरामात बसा."

त्यांनी गादी पाहिली. दाबली. हात आत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"वैनी, आतलं कोठी हाय?"

"टाकलं. काय होतं त्यात!"

ड्रायव्हर मंडळी पोपटांकडे पाहून गालात हसायला लागली होती. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सासरच्या घरून, सलजेच्या म्हणजे मेव्हण्याच्या बायकोच्या हातून मिळालेली वस्तू, तीही दारात माणसं उभी असताना, जवाई परत करत नाही. नुसत्या सीटवरही बसता येत होतं. पण मी फाटकाशी हात जोडल्यासारखी उभी, तोंडभर हसत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पोपट काखेत मारले आणि वर चढले.

पुढचं मी फाटकातून पाहिलं. वीतभर उंच बसल्यामुळे त्यांचं डोकं छताला लागत होतं आणि हात स्टेअरिंगवर वरून पडत होते, म्हणून जडातलं जड स्टेअरिंगही हलकं वाटत होतं. कापसात बुडालेल्या माणसाला रस्ता काय सांगणार? चपटी नेऊन आणली, नाकवाली नेऊन आणली. नाकवालीतून बालाघाटवाला उतरला तो छातीपासून गुडघ्यापर्यंत चहानं भिजलेला.

"भाईजी, ये गाड़ी नहीं, बकरी है," तो म्हणाला. "मेरी पतलून से पूछ लो."

जवाईबापू दोन्ही गाड्यांकडे पाहत उभे राहिले. मला वाटतं, त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि हे एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. पण बत्तीस वर्षांत 'समजलं नाई' असं ते कधी म्हणाले नव्हते, आणि चहाचं ऐकणं तर शक्यच नव्हतं. "नाकवाली घ्या," ते म्हणाले. "पाळना हाय."

पंधरा दिवसांत कापूस बसला आणि पाळणा कळला. ती लॉरी डावीकडे अशी ओढायची, जणू तिचं माहेर त्या बाजूला आहे. देवरीच्या रस्त्यावर खड्डा पुढच्या चाकाला लागायचा आणि जवाईबापूंच्या मानेत निघायचा. नणंद रोज विटेचा तुकडा तापवून त्यांची पाठ शेकायची आणि मला सांगायची, "कोनाले दोष देत नाई, वैनी. म्हन्ते, माहीच पारख चुकली." शेठजींनी दुसरी गाडी देऊ केली तर घेतली नाही. आपल्या तोंडानं मागितलेली, आता आपणच चालवायची.

कडुनिंबाखाली मात्र फरक पडला. हळूहळू लोक बालाघाटवाल्याला विचारू लागले. जवाईबापू कडेला बसून तंबाखू मळायचे, मळून झाली तरी मळतच राहायचे. कोणी म्हणायचं, "का हो, तुमचा पाळना का म्हन्ते?" आणि सगळे हसायचे. तेही हसायचे. मी चहा ओतत असायची आणि गप्प बसायची. कबूल करायचं तर कोणत्या तोंडानं? मला भीती वाटायची. लोक मला हसतील, हे मला सोसवत नव्हतं. आज मीच स्वतःला हसते, आता लपवायला दातही उरले नाहीत.

नऊ वर्षं मी गप्प होते. तोवर तिरोड्याच्या वीजकारखान्याचं काम निघालं होतं आणि रस्त्यावर रेल्वेच्या डब्याएवढे ट्रेलर दिसू लागले होते, आत थंड हवा, सीट हवेवर झुलणारी. ज्या दिवशी जवाईबापूंची नोकरी संपली आणि ती नाकवाली भंगारात निघाली, त्याच दुपारी असा एक ट्रेलर आमच्या काट्यावर उभा होता. त्याचा ड्रायव्हर आपल्या सीटचं कौतुक सांगत होता. कोणीतरी म्हणालं, "पाळनावाल्या बुवाले नोका इचारू, बाप्पा!" पुन्हा तेच हसणं. माझ्या हातातली किटली मी खाली आदळली.

"चूप बसा सारे! त्यांची पारख नाही चुकली. त्यांची जुनी गादी मी उसवली. तणीस गाईला टाकलं, वीतभर कापूस भरला आणि वर पोपट काढले. आणि तो माणूस नऊ वर्षं माझं नाव न घेता ते गचके खात राहिला."

बालाघाटवाला आधी उठला. त्याचेही केस आता पांढरे झाले होते. "मतलब नौ साल पहले मैं एक तोते से जीता था?" तो म्हणाला आणि कपाळाला हात लावला. मग त्यानं जवाईबापूंना दंडाला धरून उठवलं, ट्रेलरपाशी नेलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बैठो भाईजी. बिना गद्दी के. आप बोलो, हम सुनते हैं."

जवाईबापूंनी चप्पल काढली. वर चढले, डोळे मिटले. ट्रेलर फाटकापर्यंत गेला आणि परत आला. खाली सगळे माना वर करून उभे. "गाडी लय चांगली हाय," ते उतरता उतरता म्हणाले. "डाव्या बाजूच्या मागच्या चाकात हवा कमी हाय." ट्रेलरचा ड्रायव्हर धावत मागे गेला, आणि हवा खरंच कमी निघाली म्हणून डोकं खाजवत परत आला.

मंडळी पांगल्यावर मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. माझ्याच्यानं मान वर होईना. म्हटलं, "जवाईबापू, त्या दिवशी एका शब्दानं सांगायचं तरी. मी दुसरं तणीस आणलं असतं." त्यांनी पाणी संपवलं, भांडं पालथं ठेवलं आणि म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यानं मले इचारलं वैनी, गाडी कशी हाय मनून. मी कसा बसून राहिलो, मले खुपते का, हे बत्तीस वर्षांत कोनी नाई पाह्यलं. तुमी पाह्यलं. कापूस चुकीचा भरला, पन भरला."