शिगोशीग भरलेली टाकी

गॅसची छोटी टाकी मी एकदा धान्याच्या मापासारखी भरली. शिगोशीग. तेव्हा माझे केस अर्धे काळे होते आणि अक्कल त्याच्याही निम्मी. हसा, आता मीही हसते.

लेक-जावई ऊसतोडीला निघाले होते. चार वर्षांची नात यंदा माझ्याजवळ राहणार, अंगणवाडीत जाणार, हे मी लेकीच्या मागं लागून लागून कबूल करून घेतलं होतं. फडावर स्वयंपाकाला लागेल म्हणून त्यांची छोटी टाकी भरायला मीच मानवतच्या बाजारात गेले. भरणाऱ्यानं टाकी काट्यावर ठेवली आणि मध्येच नळी काढली.

“दादा, हात का आखडायलाव?”

“मावशी, वर जागा ठिवावी लागती. उन्हात गॅस फुगतो.”

“फुगायला तो काय व्याही हाय?” म्हणत मी टाकी उचलली. लय शाणी ना मी!

आमच्याकडं सासरी निघालेल्या लेकीला दाणे देताना माप सांडेपर्यंत भरतात. आणि टाकी तेवढी अर्धवट द्यायची? घरी येऊन शेजारणीची पितळी नळी मागून आणली, मोठी टाकी छोटीवर उलटी केली, वरून कढत पाणी ओतलं. घरी असं भरणं गुन्हा आहे, हे ठाऊक नव्हतं असंही नाही. आत थेंबभर जाईना तेव्हाच थांबले. मग ट्रॅक्टर आला की पटकन चढवता यावी म्हणून टाकी अंगणात, ऐन उन्हात ठेवली.

नात तिच्यावर घोडा घोडा करत बसली. मीच बसवली. पलीकडं सगळ्यांच्या आंघोळीच्या पाण्याची चूल धडधडत होती.

ऊन चढलं तसा सूं सूं आवाज यायला लागला. मला वाटलं, पोरच तोंडानं करायलीय.

“अगं, घोडा हाय ना तुझा? मग सापावानी काय करतीस?”

तेवढ्यात वास आला. लेक आतून धावत आली, एका हातानं पोर ओढली आणि लाथेनं चुलीवरचं पातेलं चुलीतच उलथवलं. कढत पाणी तिच्या पायावर उडालं. जावयानं ओलं पोतं टाकून टाकी उचलली आणि मोकळ्या रानात नेऊन ठेवली. तिथं ती कितीतरी वेळ फुसफुसत होती. आम्ही सगळे लांब उभे. कुणी माझ्याकडं बघेना.

ट्रॅक्टर आला. जावयानं टाकीच्या जागी सरपणाची मोळी चढवली. मी नातीचं अंगणवाडीचं दप्तर खुंटीला अडकवायला गेले, तर लेकीनं ते हातातून काढून घेतलं. तिच्या पायावर फोड आले होते. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली,

“आई, पोर माझ्यासंगं फडातच येती. तिथं कोयते हायेत, पण ते कुठं ठिवलेत ते मला ठाव असतंय.”